‘पेटंट मिळाले’ म्हणजे नेमके काय मिळाले?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या जिल्हा पुरवणीचा मी जुना वाचक आहे. यंत्र अभियांत्रिकी शिकवण्यात सारी नोकरी गेली असल्यामुळे ‘पेटंट’ हा शब्द दिसला की ती बातमी मी दोनदा वाचतो. गेल्या काही आठवड्यांत अशा तीन बातम्या वाचनात आल्या. पहिलीत एका महाविद्यालयातील प्राध्यापकांच्या गटाला पेटंट बहाल झाल्याचे सत्काराच्या छायाचित्रासह छापले होते. दुसरीत मराठवाड्याच्या केसर आंब्याला ‘पेटंट’ असल्याचा उल्लेख होता. तिसरीत एका शेतकऱ्याने तयार केलेल्या पेरणीयंत्राचे कौतुक होते. त्याचे प्रात्यक्षिक गावकऱ्यांसमोर झाले, पंचक्रोशीतून मागणी आली, दहा यंत्रे विकलीही गेली, आणि आता तो ‘लवकरच पेटंटसाठी अर्ज करणार आहे’, असे शेवटी म्हटले होते. तिन्ही ठिकाणी पेटंट हा शब्द चुकला आहे आणि प्रत्येक ठिकाणी निराळ्या रीतीने चुकला आहे. पहिल्या दोन चुकांनी फार तर वाचकाचा गैरसमज होईल. तिसरी चूक मात्र वाचून कोणी तिचे अनुकरण केले तर त्याचा हक्कच बुडेल, आणि म्हणून हे पत्र थोडे लांबले तरी ते छापावे अशी विनंती आहे.

घोळ मुळात आपल्या भाषेपासून सुरू होतो. शासनाच्या परिभाषेत पेटंटला ‘एकस्व’ असा नेटका शब्द आहे, पण तो कोशाबाहेर फारसा पडलाच नाही. वर्तमानपत्रे पेटंटला कधी ‘स्वामित्व हक्क’ म्हणतात आणि पुस्तकाच्या कॉपीराइटलाही तोच शब्द वापरतात. त्यामुळे बौद्धिक संपदेचे सगळे प्रकार वाचकाच्या मनात एकाच पोत्यात भरले जातात. प्रत्यक्षात त्यांचे कायदे वेगळे, कार्यपद्धती वेगळी आणि मुदतीही वेगळ्या आहेत. पुस्तक, गाणे, छायाचित्र, संगणकाची आज्ञावली यांना कॉपीराइट असतो. तो निर्मितीबरोबरच मिळतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही, आणि पुस्तकाच्या बाबतीत तो लेखकाच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे टिकतो. मालाचे वा दुकानाचे नाव आणि चिन्ह यांसाठी ट्रेडमार्क आहे, आणि दर १० वर्षांनी नूतनीकरण करत राहिल्यास त्याला अंत नाही. वस्तूच्या केवळ बाह्य रूपाची, म्हणजे आकाराची वा नक्षीची, नोंदणी डिझाइनच्या कायद्याखाली होते आणि ती १० वर्षे, वाढवून घेतल्यास १५ वर्षे चालते. एखादी वस्तू चालते कशी किंवा बनते कशी, यातील नव्या तांत्रिक उपायाला मात्र पेटंट मिळते, आणि त्याची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची असते.

आंब्याच्या बातमीत अभिप्रेत होते ते यांपैकी काहीच नाही. केसरला मिळाले आहे ते भौगोलिक मानांकन, ज्यासाठी १९९९ चा स्वतंत्र कायदा आहे आणि ज्याची नोंदवही चेन्नईत ठेवली जाते. जालन्याची मोसंबी, बीडचे सीताफळ, पैठणी, बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच, कुंथलगिरीचा खवा ही सगळी त्याच पंगतीतली आहेत. मानांकन कोणा एकाच्या मालकीचे नसते. ते उत्पादकांच्या संस्थेच्या अर्जावरून त्या प्रदेशातील मालाला दिले जाते, आणि ज्या बागायतदाराला आपल्या पेटीवर ते वापरायचे असेल त्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंद करून घ्यायची असते. ही दुसरी पायरी आपल्याकडे बहुतेकांना ठाऊकच नसते, कारण मानांकन मिळाल्याची बातमी पहिल्या पानावर येते आणि नोंदणी कशी करायची हे कोठेच येत नाही. फरक लक्षात राहण्यासाठी एकच उदाहरण पुरेसे आहे: गुजरातच्या गीर केसरलाही मानांकन आहे आणि मराठवाड्याच्या केसरलाही आहे. आंब्याच्या जातीवर कोणाचे पेटंट असते तर असे दोन मालक झालेच नसते. अर्थात ते असणे शक्यही नव्हते, कारण आपल्या पेटंट कायद्याने वनस्पती आणि त्यांचे भाग, बियाण्यासकट, पेटंटच्या बाहेर ठेवले आहेत.

आता प्राध्यापकांची बातमी. त्या छायाचित्रातील कागद भिंग घेऊन पाहिला, तेव्हा तो अर्ज ‘प्रकाशित’ झाल्याचा होता असे दिसले. पेटंटसाठी केलेला अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी कार्यालयाच्या जर्नलमध्ये, जे दर शुक्रवारी निघते, प्रसिद्ध होतो; आणि वैयक्तिक अर्जदाराने किंवा शैक्षणिक संस्थेने २५०० रुपये जादा भरून लवकर प्रसिद्धीची विनंती केली, तर तो महिनाभरात प्रसिद्ध होऊ शकतो. या टप्प्यापर्यंत अर्जातील कल्पना नवी आहे का, चालणारी आहे का, याकडे परीक्षकाने पाहिलेलेही नसते. फेरफारासाठी तलाठ्याकडे अर्ज दिला आणि त्याची नोटीस चावडीवर लागली, म्हणजे सातबारावर नाव चढले असे आपण म्हणत नाही; उलट कोणाची हरकत असेल तर ती यावी म्हणूनच ती नोटीस लागते. पेटंटच्या अर्जाच्या प्रसिद्धीचा हेतू बराचसा हाच आहे. प्रसिद्धीनंतर कोणीही हरकत घेऊ शकतो, आणि त्यासाठी वाव राहावा म्हणून प्रसिद्धीपासून ६ महिने उलटल्याशिवाय पेटंट मंजूर करता येत नाही.

हे ओळखणे पत्रकाराला अवघड नाही. अर्जाचा क्रमांक १२ आकडी असतो. त्यात आधी चार आकडे वर्षाचे, आणि पाचवा आकडा कार्यालयाचा असतो, तो मुंबईसाठी २ आहे. मंजूर झालेल्या पेटंटचा क्रमांक वेगळा आणि सध्या सहा आकडी असतो. दोन्ही क्रमांक पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट तपासता येतात आणि त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत. बढतीच्या गुणतक्त्यात आणि महाविद्यालयाच्या मूल्यांकनात पेटंटला वजन आल्यापासून, एकाच अर्जावर निरनिराळ्या राज्यांतील आठ-दहा प्राध्यापकांची नावे घालून देणारे आणि ‘संशोधक’ म्हणून जागा विकणारे संदेश मोबाइलवर सर्रास फिरतात. एखाद्या उपकरणाच्या बाह्य आकाराची परदेशात डिझाइन नोंदणी करून तिला ‘आंतरराष्ट्रीय पेटंट’ म्हणण्याची टूमही निघाली आहे. आंतरराष्ट्रीय पेटंट नावाची वस्तू जगात अस्तित्वात नाही. भारत १९९८ पासून ज्या करारात आहे, त्या पेटंट सहकार्य कराराखाली एकच आंतरराष्ट्रीय अर्ज करता येतो हे खरे, पण पुढे प्रत्येक देशात आपापल्या कायद्याने स्वतंत्रपणे पेटंट मिळवावे लागते. जे अध्यापक वर्षानुवर्षे प्रयोगशाळेत खपून, परीक्षकाच्या आक्षेपांना उत्तरे देऊन खरोखरचे पेटंट मिळवतात, त्यांच्या आणि या मंडळींच्या बातम्या एकाच मापाच्या मथळ्याखाली छापल्या जातात, याचे मला अधिक वाईट वाटते.

तिसऱ्या बातमीविषयी लिहिण्यापूर्वी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची हकीकत सांगतो. तो वसमत भागात फॅब्रिकेशनचे वर्कशॉप चालवतो. त्या पट्ट्यात हळद मोठी, आणि वाफेवर हळद शिजवणारे ट्रॉलीवरचे बॉयलर हंगामात या शेतातून त्या शेतात फिरत असतात. शिजलेले कंद ड्रममधून काढताना मजुरांच्या अंगावर वाफ येते, हातापायांना पोळते. त्याने झाकणाची आणि वाफ सोडण्याची मांडणी अशी बदलली की झाकण उघडण्याआधी ड्रममधली वाफ आपोआप दुसऱ्या बाजूने निघून जाई. वस्तू उत्तम होती. मी स्वतः पाहिली. त्याने तीन हंगाम ती विकली, एका कृषी प्रदर्शनात मांडली, आणि पुतण्याने तिचा व्हिडिओ करून इंटरनेटवर टाकला. पुढे दुसऱ्या एकाने तशीच ट्रॉली कमी भावात विकायला काढली, तेव्हा याला पेटंट आठवले. शहरातल्या एका सल्लागाराने, मशीन केव्हापासून विकता हा एक प्रश्नही न विचारता, पैसे घेऊन अर्ज भरला. यथावकाश पेटंट कार्यालयाचा पहिला परीक्षण अहवाल आला. त्यात अर्जाविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणून हवाला दिला होता तो त्याच्याच व्हिडिओचा. तो अहवाल घेऊन तो माझ्याकडे अंबाजोगाईला आला आणि म्हणाला, “सर, म्हंजे माझंच यंत्र माझ्या आड आलं म्हणा की!”

अगदी तसेच झाले होते. पेटंटच्या तीन कसोट्यांपैकी पहिली नावीन्याची आहे, आणि हे नावीन्य अर्जाच्या तारखेला पाहिले जाते. त्या दिवसापूर्वी ती गोष्ट जगात कोठेही प्रसिद्ध झालेली असेल किंवा भारतात उघडपणे वापरात वा विक्रीत आलेली असेल, तर ती नवी राहत नाही, मग ती अर्जदाराने स्वतःच का उघड केलेली असेना. दुसरी कसोटी अशी की त्या क्षेत्रातील जाणकार कारागिराला ती सहज सुचण्यासारखी नसावी; नांगराला एक फाळ वाढवला म्हणून पेटंट मिळत नाही. तिसरी कसोटी औद्योगिक उपयोगाची, आणि ती सहसा अडत नाही. नावीन्याला कायद्यात काही सवलती आहेत, पण त्या अरुंद आहेत. केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात वस्तू मांडली किंवा विद्वत्सभेपुढे निबंध वाचला, तर १२ महिन्यांच्या आत अर्ज करता येतो. तालुक्याच्या ठिकाणचा कृषी मेळावा, यात्रेतले प्रदर्शन, यूट्यूब किंवा आपल्या पुरवणीतील सचित्र बातमी यांना ही सवलत लागू नाही. तेव्हा ‘प्रात्यक्षिक झाले, विक्री झाली, आता पेटंट’ हा क्रम उलटा आहे, आणि आपण तो कौतुकाने छापला आहे.

सरळ क्रम काय आहे, तो थोडक्यात मांडतो. आधी शोध घ्यायचा: आपल्यासारखे काही पूर्वी कोणी केले आहे का, हे पेटंट कार्यालयाच्या आणि इतर देशांच्या खुल्या संग्रहांत पाहायचे. मग अर्ज करायचा. यंत्र पूर्ण झालेले नसले, चाचण्या राहिल्या असल्या, तरी मूळ कल्पनेचे वर्णन देऊन तात्पुरता अर्ज करता येतो, ज्याला त्या व्यवहारात प्रोव्हिजनल म्हणतात. त्याने तारीख राखली जाते, आणि त्यानंतर १२ महिन्यांच्या आत पूर्ण विनिर्देशपत्र, म्हणजे शोधाचे सविस्तर लेखी वर्णन, दाखल करावे लागते. ते न केल्यास अर्ज सोडून दिला असे धरले जाते. वैयक्तिक अर्जदार, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शैक्षणिक संस्था यांना ऑनलाइन अर्जाचे शुल्क १६०० रुपये आहे. महाराष्ट्रातील अर्ज मुंबईच्या कार्यालयाच्या कक्षेत येतात, पण ते घरबसल्या भरता येतात आणि सुनावणीही बहुधा दूरदृश्य पद्धतीने होते, त्यामुळे अँटॉप हिलच्या त्या कार्यालयात खेटे घालण्याचे कारण उरलेले नाही. एक अडचण मात्र खरी आहे: अर्जाचे कागद हिंदीत किंवा इंग्रजीतच लागतात. ज्याचे सगळे ज्ञान हातात आणि मराठीत आहे, त्या कारागिराला येथे दुभाष्यावर किंवा सल्लागारावर विसंबावे लागते, आणि सल्लागार चुकला तर काय होते ते वर सांगितलेच आहे.

पूर्ण विनिर्देशपत्रात वर्णन, आकृत्या, सारांश आणि दावे असतात, आणि सगळा जीव दाव्यांत असतो. जमिनीच्या खरेदीखतात गटाचे वर्णन कितीही गोड असले तरी भांडण चतुःसीमेवर होते. पेटंटमध्ये दावे म्हणजे ती चतुःसीमा. ‘हळद शिजवण्याचे सुधारित यंत्र’ एवढाच दावा केला तर परीक्षक तो पहिल्याच फटक्यात नाकारील, कारण त्यात आधीची सगळी यंत्रे येतात. आणि ‘अमुक इंची नळी, तमुक जाडीचा पत्रा, चार बोल्ट’ इतका काटेकोर दावा केला तर नक्कल करणारा पाच बोल्ट लावून मोकळा होईल. या दोहोंच्या मध्ये रेघ कोठे ओढायची हे कौशल्याचे काम आहे आणि त्यासाठी नोंदणीकृत पेटंट एजंटाची मदत घेणे शहाणपणाचे असते. त्याची फी सरकारी शुल्कापेक्षा बरीच जास्त पडते, हेही सांगितले पाहिजे. मान्यताप्राप्त स्टार्टअपना केंद्राच्या योजनेत ही मदत सरकारी खर्चाने मिळते. शिक्षण-पदवी नसलेल्या शोधकांसाठी अहमदाबादजवळील राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान, जे केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची स्वायत्त संस्था आहे, शेतकरी-कारागिरांच्या शोधांचे अर्ज त्यांच्या वतीने करते. हा पत्ता आपल्या गावोगावच्या वर्कशॉपांत पोहोचला असता, तर माझ्या विद्यार्थ्याचे पैसे तरी वाचले असते.

अर्ज केला म्हणजे परीक्षण आपोआप होत नाही. त्यासाठी वेगळी विनंती आणि वरील वर्गांसाठी ४००० रुपये शुल्क आहे. ही विनंती करण्याची मुदत पूर्वी ४८ महिन्यांची होती. १५ मार्च २०२४ पासूनच्या नियमांनी नव्या अर्जांसाठी ती ३१ महिन्यांवर आणली आहे, आणि ती हुकली तर अर्ज मागे घेतला असे समजले जाते. महिला अर्जदार, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना जलद परीक्षण मागता येते. परीक्षण अहवाल आल्यावर ६ महिन्यांत उत्तर द्यायचे, आणि लागल्यास ३ महिन्यांची वाढ मागायची. आक्षेपांनी घाबरून जाऊ नये. आक्षेपाविना सुटलेला अर्ज क्वचितच असतो, आणि दावे आखडते घेऊन पुष्कळदा मार्ग निघतो. मंजुरीनंतरही एक वर्षापर्यंत हितसंबंधी व्यक्तीला विरोध नोंदवता येतो. तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी नूतनीकरण शुल्क भरावे लागते; ते सुरुवातीला ८०० रुपये असते आणि पुढे वाढत जाते. न भरल्यास पेटंट मरते आणि शोध सर्वांचा होतो.

कशाला पेटंट मिळत नाही, याची यादी कायद्याच्या तिसऱ्या कलमात आहे, आणि ती आपल्या भागाला फार जवळची आहे. शेतीची वा फळबागेची पद्धत पेटंटयोग्य नाही. सोयाबीनसाठी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने ज्या रुंद वरंबा-सरी पद्धतीचा पुरस्कार केला, तशी लागवडीची पद्धत कोणाच्या मालकीची होऊ शकत नाही. ती पेरणी करणाऱ्या यंत्रातील नवी योजना मात्र होऊ शकते. पारंपरिक ज्ञानही वगळलेले आहे, आणि हे कलम पूर्वीच्या दोन-चार कटू अनुभवांच्या पार्श्वभूमीवर वाचावे लागते. अमेरिकेत १९९५ मध्ये हळदीने जखम भरून आणण्याच्या उपयोगावर पेटंट दिले गेले होते. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना, त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. घरोघरच्या आजीला जे माहीत होते ते तेथे सांगून भागले नाही. संस्कृत ग्रंथांपासून १९५३ च्या वैद्यकीय नियतकालिकातील लेखापर्यंत ३२ लेखी संदर्भ गोळा करून द्यावे लागले. आपल्याकडे वैदूंचे, धनगरांचे, गोंधळ्यांचे किती ज्ञान अजून तोंडीच आहे, याचा विचार या संदर्भात मनात आल्यावाचून राहत नाही.

घरचे बी राखून पेरले तर कायदा आड येईल, अशी बियाण्याच्या बाबतीत शेतकऱ्यांच्या मनात एक भीती असते, तिचाही उल्लेख करतो. पिकांच्या वाणांसाठी २००१ चा निराळा कायदा आहे. त्यात पैदासकाराला हक्क आहेत आणि शेतकऱ्यालाही आहेत. संरक्षित वाणाचे बी घरी राखणे, पुन्हा पेरणे, शेजाऱ्याला देणे, अगदी विकणेही शेतकऱ्याला त्या कायद्याच्या ३९ व्या कलमाने मोकळे आहे. फक्त ते ब्रँडच्या नावाने पिशवीत भरून विकता येत नाही. स्वतः जपलेला गावरान वाण शेतकरी आपल्या नावाने नोंदवूही शकतो. गुजरातमधील बटाटा उत्पादकांवर पेप्सिकोने लावलेले दावे २०१९ मध्ये मागे घेतले गेले, तेव्हा हे कलम देशभर चर्चेत आले होते. कापसाची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. बीटी जनुकाच्या पेटंटचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१८ मध्ये खंडपीठाने ते पेटंट रद्द ठरवले, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला सारून प्रकरण पुराव्यांसह ऐकण्यासाठी परत पाठवले, आणि पुढे पक्षांनी आपसात मिटवले. म्हणजे बियाण्यात घातलेल्या जनुकावर पेटंट चालते की नाही, या ज्या प्रश्नाचे उत्तर जालना-परभणीच्या कापूसवाल्याला हवे होते, ते शेवटी मिळालेच नाही.

पेटंट मिळाल्यावरही सगळे मिटते असे नाही. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूजमध्ये ज्या कंपनीचा मोठा कारखाना आहे, त्या बजाज ऑटोचा दोन स्पार्क प्लगच्या इंजिनावरील पेटंटचा टीव्हीएसबरोबरचा दावा २००७ पासून मद्रास उच्च न्यायालयात चालला. फेब्रुवारी २००८ मध्ये मनाई मिळाली, मे २००९ मध्ये ती उठली, आणि सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे दावे लांबवू नयेत, लवकर निकाली काढावेत, असे बजावले. पेटंट हा दुसऱ्याला रोखण्याचा हक्क आहे. रोखण्याचे काम मालकालाच, स्वतःच्या खर्चाने, न्यायालयात जाऊन करावे लागते. म्हणून छोट्या वर्कशॉपवाल्याने प्रत्येक सुधारणेच्या मागे पेटंट घेऊन धावावे असे माझे मत नाही. ज्या वस्तूचे आयुष्य दोन हंगामांचे आहे, तिच्यासाठी चांगले नाव, त्या नावाचा ट्रेडमार्क आणि वेळेवर दुरुस्ती एवढे पुष्कळदा अधिक कामाचे ठरते. आणखी एक: अर्जही न करता यंत्रावर ‘पेटंटेड’ असे रंगवून विकणारे मी पाहिले आहेत. पेटंट कायद्याच्या कलम १२० नुसार हा दंडनीय प्रकार आहे आणि आता हा दंड १० लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

आपल्याकडे मागणे तीनच आहेत. पेटंटची बातमी देताना अर्ज, प्रसिद्धी की मंजुरी, हे स्पष्ट लिहावे आणि सोबत क्रमांक छापावा. मानांकनाला मानांकन आणि डिझाइनला डिझाइन म्हणावे. आणि कोणी होतकरू आपले यंत्र घेऊन वार्ताहराकडे आला, तर छायाचित्र काढण्याआधी त्याला ‘अर्ज केला आहे का?’ एवढे विचारावे. केला नसेल तर ती बातमी थोडी थांबवावी. बातमीतल्या त्या शेतकऱ्यालाही आपल्या वार्ताहरामार्फत एवढा निरोप कळवावा की विकलेल्या यंत्राचा प्रश्न अवघड झाला असला, तरी त्यात पुढे तो जी नवी सुधारणा करील ती अजून त्याच्या हातात आहे.

माझ्या विद्यार्थ्याने त्याच मार्गाने जायचे ठरवले आहे. जुना अर्ज त्याने सोडून दिला, ट्रॉलीच्या नावाचा ट्रेडमार्क ४५०० रुपये भरून दाखल केला, आणि गेल्या उन्हाळ्यात बॉयलरमध्ये एक नवाच बदल केला, जो मला जुन्यापेक्षाही सरस वाटला. तात्पुरता अर्ज दाखल होईपर्यंत ते यंत्र वर्कशॉपच्या मागच्या बाजूला ताडपत्रीखाली आहे आणि पुतण्याचा मोबाइल तेथे न्यायला बंदी आहे. तो बदल नेमका काय आहे हे मला येथे लिहिता येत नाही. लिहिले, तर पुढच्या परीक्षण अहवालात हवाला आपल्या वर्तमानपत्राचा आणि या पत्राचा असेल.

कळावे,
आपला,
एक निवृत्त तंत्रशिक्षक,
अंबाजोगाई, जि. बीड